मानेला दिलेला हिसका

"वस्ताद, कालच्या कुस्तीपासनं मान लई दुखतीया," सर्जेरावानं सांगितलं, तशी अख्ख्या तालमीदेखत दौलू वस्तादांनी त्याची टर उडवली.

"लगीन ठरलं आन् पैलवान नाजूक झाला व्हय रं? आण हिकडं, मोकळी करतो." त्यांनी दोन्ही हातांनी त्याच्या मानेला कडकन हिसका दिला. तासाभरात सर्जेरावाचं तोंड वाकडं झालं, उजवं अंग लुळं पडलं.

"मानेतली रक्तवाहिनी फाटलीय, म्हणून हा लकवा," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "मानेला कुणी हिसका दिला होता का?"

खाटेशेजारी उभे असलेले वस्ताद बोलायच्या आत सर्जेरावच बोबड्या जिभेनं म्हणाला, "कुस्तीत... लागलं."

"खोटं बोलतोय त्यो, डॉक्टरसाहेब. मीच दिला," वस्ताद कसेबसे बोलले.

सर्जेरावानं डावा हात त्यांच्याकडे पुढं केला. वस्तादांनी आपले दोन्ही हात पाठीमागं लपवले.