अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह

टुंई टुंई करत आगीचा बंब पलंगाखालून बाहेर आला आणि दुपारची शांतता संपली. चार वर्षांच्या लेकीचा हा खेळण्यातला बंब दिवसभर आगी विझवत फिरायचा, आणि आईच्या मांडीवरची बेस गिटार दोन सुरांतच गप्प व्हायची.

लेक झाल्यापासून पहिल्यांदाच जुन्या बँडने तिला बोलावलं होतं. शनिवारी तालीम होती. दुकानदाराने आठवडाभर वाजवून बघायला दोन बेस गिटार दिल्या होत्या, एक पॅसिव्ह आणि एक अ‍ॅक्टिव्ह. पॅसिव्ह सेलशिवाय तशीच वाजायची, अ‍ॅक्टिव्हच्या पोटात मात्र चौकोनी सेल लागायचा, खेळण्यांत असतो तसाच.

"पॅसिव्हच घे," नवरा म्हणाला. "सेलची कटकट हवीय कशाला?"

सोमवारी, मंगळवारी तिने पॅसिव्ह वाजवून पाहिली. एकही गाणं धड पुरं झालं नाही. बुधवारी अ‍ॅक्टिव्ह घेतली, ती चांगली तासभर सलग वाजली. शुक्रवारपर्यंत सगळी गाणी बोटांवर चढली होती.

"अ‍ॅक्टिव्हच ठेवते," तिने सांगून टाकलं. "हिच्यावर माझा हात बसतो."

"आवाजात एवढा फरक पडतो?"

"घरभर पडतो."

नवऱ्याने समजल्यासारखी मान डोलावली. लेक मात्र बंबाला मांडीवर घेऊन थोपटत बसली होती. तिने हळूच वर पाहिलं.


"आई, तुझी गिटार जागी असली की माझा बंबच का झोपतो गं?"