पार्वताचा कूलर

अकोटच्या एका बंद घरात रात्री कूलर आपोआप सुरू होतो, असं गल्लीत सारे म्हणत. भूत नाही हे दाखवायला रश्मी कॅमेरा घेऊन तिथे मुक्कामाला गेली. मध्यरात्री मागचं दार उघडलं. घरमालक खुशालराव बादली घेऊन आले आणि त्यांनी कूलरमध्ये पाणी ओतून तो सुरू केला. “काका, तुम्ही?” ते दचकले. “तुह्या काकूले, आमच्या पार्वताले उकडते म्हणून लावतो. ती वारली, पण उन्हाळा थोडाच गेला? मंग लोकं भूत भूत करू लागले. बुढी भुताले लय भेते. आता तिले एकटं कसं सोडू?” “पण काका, भूत म्हणजे तुम्हीच!” “मले मालूम हाये. तिले माह्यं कधी पटलं? तू शिकलेली, तूच सांग तिले.” रश्मीने रिकाम्या खाटेकडे पाहिलं. कॅमेरा पिशवीत ठेवला. मग काकूंना नीट ऐकू जावं म्हणून आधी कूलर बंद केला.