मदत नको

राक्षसाने डॉक्टरांना पुन्हा मनोऱ्यावरून खाली फेकलं आणि हातातल्या गेमच्या पडद्यावर नेहमीचा प्रश्न उमटला: मदत हवी आहे का?

डॉक्टरांनी ‘नाही’ दाबलं. गरजेपेक्षा जरा जोरातच दाबलं.

“बाबा, हो म्हटलं तर काही बिघडत नाही,” मुलगी म्हणाली. “राक्षस थोडा हळू चालतो, एवढंच.”

“मग त्याला राक्षस कशाला म्हणायचं? पाहुणा म्हण.”

डॉक्टर दातांचे होते. स्वतःच्याच दवाखान्याचं शटर उजव्या अंगठ्यावर आदळल्यापासून दवाखाना बंद होता. प्लास्टर काढताना हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की अंगठा हलता ठेवा, पण दाढा कोरायच्या मशीनला इतक्यात हात लावू नका. यातला पहिला अर्धा सल्ला त्यांनी मनावर घेतला. मुलीकडून तिचा हातात धरून खेळायचा गेम मागून घेतला आणि बाजारात आलेले नवे खेळ एकामागून एक फस्त करायला सुरुवात केली.

प्रत्येक खेळाबद्दलचं आपलं परखड मत ते दंतवैद्यांच्या ग्रुपवर बोलून पाठवत. टाइप करायला अंगठा लागतो. उत्तरादाखल बाकीचे सगळे अंगठाच पाठवत.

शेतीच्या खेळाबद्दल ते म्हणाले की रोप लावलं की टाळ्या, पाणी घातलं की टाळ्या. आपण अक्कलदाढ उपटली तरी कोणी टाळी वाजवत नाही. गाड्यांच्या शर्यतीत आपण मागे पडलो की पुढचे मुद्दाम रेंगाळतात, तेव्हा ही शर्यत नव्हे, साहेबांबरोबरचं बॅडमिंटन आहे. कोड्यांच्या खेळात एक कोल्हा विचार करायच्या आत उत्तर सुचवतो. असा एक मेहुणा त्यांना आधीच होता.

मनोऱ्याचा खेळ तेवढा त्यांना मानवला. त्यातला राक्षस कोणाची भीडभाड ठेवत नव्हता. “याला माझी डिग्री माहीत नाही, वय माहीत नाही, अंगठा माहीत नाही,” त्यांनी ग्रुपवर सांगितलं. “आमच्या घरात खरं बोलणारं हे एकच यंत्र आहे.”

घराबद्दलची तक्रार अगदीच खोटी नव्हती. मुलगी त्यांना संत्रं सोलून द्यायची. शेजारी हातातली पिशवी काढून घ्यायचे. बायको मात्र शर्टाच्या बटणाशी चाललेली त्यांची झटापट समोर बसून बघायची आणि म्हणायची, उशीर होतोय. ती शाळेत गणित शिकवायची. दयामाया हा तिचा विषय नव्हता.

दवाखाना उघडतो म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा तिनेच पुरावा मागितला.

“त्या राक्षसाला हरवा. मदत न घेता. मग उघडा खुशाल.”

“आणि नाही हरवलं तर?”

“तर हाडांचे डॉक्टर म्हणतील तसं.”

डॉक्टर इरेला पेटले. सकाळी राक्षस, दुपारी राक्षस. हरले की प्रश्न यायचा, प्रश्न आला की ‘नाही’. अंगठा संध्याकाळपर्यंत टम्म सुजायचा. तो ते खिशात घालून जेवायला बसायचे आणि डाव्या हाताने वरण सांडायचे.

मग हळूहळू ग्रुपवरचे निरोप थांबले. एके दिवशी ते जेवायलाही उठले नाहीत. दवाखान्याची जागा भाड्याने द्यावी का, असं त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको म्हणाली, भाजी गार होतेय.

पण गडी मुळात चिवट. दोन-तीन दिवसांनी त्यांनी गेम पुन्हा हातात घेतला आणि दुपारपर्यंत चेहरा खुलला. राक्षसाचे डाव आता आपल्याला आधीच दिसतात, त्याने हात उचलला की आपण बाजूला झालेलो असतो, याला म्हणतात सराव, असं त्यांनी मुलीला समजावून सांगितलं. रविवारी राक्षस मनोऱ्यावरून खाली पडला. डॉक्टरांनी आरोळी ठोकली नाही. गेम बायकोसमोर टेबलावर ठेवला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

हाडांच्या डॉक्टरांना त्यांनी लगेच फोन केला. खेळ वेगळा आणि माणसाचं तोंड वेगळं, असं ते गृहस्थ पलीकडून कळवळून सांगत होते.

“राक्षस उड्या मारत होता, साहेब,” डॉक्टर म्हणाले. “दाढ निदान जागची हलत नाही.”

सोमवारी शटर वर गेलं. या वेळी मुलीने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. बाहेरच्या बाकावर जुने पेशंट गालाला हात लावून बसले. मदतनीस बाई गावाला गेल्या होत्या, म्हणून मुलगीच ॲप्रन चढवून उभी राहिली. तिने पहिलं नाव पुकारायच्या आत बायको आत आली, पर्स कोपऱ्यात ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसली.

“माझी दाढ कोरायची राहिलीय ना? आधी ती घ्या.”

“अगं, बाहेर लोक थांबलेत.”

“थांबू देत.”

डॉक्टर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. सगळ्यात जास्त आडवी आलेली बाई सगळ्यात आधी खुर्चीत बसली होती. याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं कॉलेज देणार होतं? ते पाठ फिरवून बेसिनमध्ये बराच वेळ हात धूत राहिले.

मुलगी आईच्या गळ्यात कागदी टॉवेल बांधायला वाकली.

“राक्षसाचा वेग किती कमी केला होतास?” आईने हळूच विचारलं.

“अर्धा. तूच म्हणालीस ना.”

“हं,” आई म्हणाली आणि तिने आ केला.