चांदणी

हिंदी मुलखातल्या पिपलानी वसाहतीच्या क्वार्टरमध्ये शशिकलाबाई एकट्याच राहत होत्या. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी गिटार आणि ढोलक घेतलेली पाचसहा माणसं त्यांच्या दारात आली. चर्चचा बँड होता. नाताळ जवळ आला, की ते दारावर नाताळचा तारा लावलेल्या घरांत जाऊन गात.

"जय मसीह की, आंटीजी! तुमचा तारा दिसला, म्हणून आलो," पुढची मुलगी म्हणाली.

बाईंनी वर पाहिलं. दारावर दिवाळीचा आकाशकंदील अजून तसाच होता, चांदणीच्या आकाराचा. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं आणि चहा टाकला.

घर गाण्यांनी भरून गेलं. मग मुलीने विचारलं, "आंटीजी, प्रार्थना कोणासाठी करू?"

आता मात्र बाईंना गप्प बसवेना. "बेटी, तो तुमचा तारा नाही गं. आमचा दिवाळीचा कंदील आहे. माझा मुलगा आशय म्हणाला, आई, तू स्टुलावर चढू नकोस. मी येईन तेव्हा उतरवेन."

"मग त्यांच्यासाठीच करतो," मुलगी म्हणाली. सगळ्यांनी डोळे मिटले. बाईंनीही मिटले.

निघताना उंच गिटारवाला हसत म्हणाला, "अम्मा, मला तर स्टूलपण नको. उतार दूँ?" त्याचा हात कंदिलापर्यंत पोचलाही होता.

बाईंनी घाईने त्याची बाही धरली.

"राहू दे रे. पुढच्या वर्षी तुम्हाला घर कसं सापडेल?"