जिनमधला सर्व्हर

हर्षाने बटण दाबलं. कोपऱ्यातला डबा घुरघुरला, पडद्यावर लिनक्सच्या ओळी भराभर उतरल्या. तिने डेटाबेस सुरू करायचा हुकूम दिला, तर त्याने चक्क पाय मागे घेतला. काल मला नीट बंद केलं नव्हतं, आधी दुरुस्ती करा, असं त्याचं म्हणणं.

तिने दुरुस्ती लावली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. दुरुस्ती संपली. आता आत कापसाच्या गाठींचे किती कागद आहेत, असं विचारल्यावर उत्तर आलं: शून्य. हंगामभर रोज दुपारी एकटीने बसून भरलेलं सगळं पाण्यात.

आणि नेमकं आजच चुलत सासरे वर्ध्याहून यायचे होते. सदाशिवराव घराण्यात थोरले. ते हो म्हणाले तर उद्यापासून घरच्या जिनच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, ऑफिसात हर्षाची खुर्ची. नाही म्हणाले तर इंजिनिअर सुनेने पोळ्या लाटाव्यात. दिवाळीतच त्यांनी सांगितलं होतं, आधी काम पाहीन, मग बोलीन.

पुलगाव रस्त्यावरच्या या जिनमध्ये दोन कागद कधी सारखे नसत. एका गाठीच्या कागदावर धाग्याची लांबी, दुसऱ्यावर ओल, तिसऱ्यावर नुसतंच गावाचं नाव आणि शेरा, 'आंजीचा माल, बरा'. अशा कागदांना ठरलेले रकाने पुरत नाहीत. म्हणून जो कागद जसा असेल तसा ठेवून घेणारा हा नवा डेटाबेस तिने निवडला, वर्ध्याच्या इंटरनेट कॅफेतून पेन ड्राइव्हवर आणला आणि स्वतः बसवला. डेटाबेस नवा होता, कच्चाही होता. वीज अचानक गेली की त्याचं डोकं फिरायचं. तो बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलं होतं की शेजारी जोडीदार मशीन ठेवा, एकट्याच्या भरवशावर राहू नका. तिने जोडीदार मशीन मागितलं तेव्हा नवरा हसला होता. बॅटरी मागितली तेव्हा म्हणाला, संक्रांत होऊ दे.

तो नवरा, धर्मेंद्र, चहाचा कप घेऊन आत आला.

"अहो, काल मी सांगून गेलती ना? जुने कागद आत उतरून राह्यले, ते झालं की मशीन बंद करा, तवापर्यंत मेन चालू राहू द्या म्हणून?"

"बाबानं बंद केला मेन. रोजच करते."

ते खरं होतं. कापसाच्या जिनला ठिणगीची धास्ती. दिवेलागणीला सासरे प्रभाकरराव स्वतः जात, चप्पल काढत, विजेच्या मेनचा खटका ओढत आणि हात जोडत. त्या वेळी कोणी मध्ये बोलायचं नाही, अशी तिथली रीत. रोज त्याआधीच हर्षा सर्व्हर नीट बंद करून मोकळी व्हायची. काल नणंद आली म्हणून तिला लवकर घरी जावं लागलं होतं.

"मग बाबाले सांगितलं काऊन नाई?"

"त्यायनंच इचारलं. सूनबाईचं मशीन चालू दिसते, मेन बंद करू का? मी म्हटलं, करा."

"करा म्हटलं?"

"सारे मजूर उभे होते. बायकोच्या मशीनसाठी बापाले थांबा म्हणू?" त्याने चहाचा घोट घेतला. "अन् तुले त येते ना सारं दुरुस्त करता?"

बाहेर मोटार थांबली. हर्षाने डोक्यावरचा पदर सारखा केला.

सदाशिवराव खुर्चीत बसले, प्रभाकरराव मागे उभे राहिले. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. घरात एवढा एकच माणूस कधीमधी तिच्या शेजारी बसून पडद्याकडे पाहायचा.

"हं, पोरी," सदाशिवराव म्हणाले, "आंजीचा माल काढून दाखव."

"नाई दाखवता येत, मोठे बाबा. सारं गेलं."

प्रभाकररावांचा चेहरा उतरला. "काल म्या मेन बंद केला, त्याच्यानं त नाई ना गेलं?"

"नाई हो बाबा," धर्मेंद्र घाईघाईने म्हणाला, "त्याच्यानं काय होते!"

"मंग कोणाच्या चुकीनं?" सदाशिवरावांनी विचारलं.

हर्षाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं, एकच. तो खिडकीतून सरकीच्या ढिगाकडे पाहत राहिला, जणू सरकी मोजायचं काम त्याच्याकडेच होतं. तिला त्याची किळस आली. पण खरं सांगावं तर थोरल्या भावासमोर सासऱ्यांची मान खाली जाणार, नवऱ्याची तर जाणारच, आणि दोघांना मान खाली घालायला लावणाऱ्या सुनेला या ऑफिसात खुर्ची कोण देणार? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

"माहीच चूक, मोठे बाबा," ती म्हणाली. "मशीन बंद करायचं राहून गेलं."

सदाशिवरावांनी मान डोलावली. रागावले नाहीत, आणि तेच वाईट होतं.

"मंग ऑफिसात कसं चालन, बाई? इथं एक चूक म्हणजे सारं जिन जळते. तू आपलं घर पाहा." मग ते धाकट्या भावाकडे वळले. "पण प्रभाकर, तू नशीबवान बुवा. आपली चूक तोंडावर कबूल करणारी सून आजकाल कुठं भेटते?"

धर्मेंद्र तेव्हा कुठे खिडकीतून वळला.

"आपल्या घरचे संस्कार हायेत, मोठे बाबा," तो म्हणाला.