नवी कॅसेट

"फोडली न्हाईस ना अजून?" भुजंगनं दारातूनच विचारलं.

लिंबाजीनं प्लास्टिकच्या पिशवीतली कॅसेट वर धरून दाखवली. पूर्णा स्टेशनामागच्या गल्लीत, पत्र्याच्या खोलीत, त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. एक काळा-पांढरा टीव्ही, दोन रिमोट आणि जपानात जन्मून गावोगाव फिरत आलेले खेळ. ही कॅसेट सकाळीच हैदराबादहून आली होती. वरच्या कागदावर उडी मारणारा कोल्हा होता.

"कुणी खेळलं न्हाई?"

"अरं, मीच न्हाई खेळलो. बाप व्हायला आलास अन् पोरावानी काय करायलास?"

भुजंगला हसू आलं नाही.

तो चंद्रभान ड्रायव्हरच्या इंजिनावर फायरमन होता. सिग्नल दिसला की मोठ्यानं पुकारायचा, एकानं पुकारला की दुसऱ्यानं तोच पुन्हा म्हणायचा, ही इंजिनावरची रीत. पूर्वी आधी आवाज यायचा तो चंद्रभान उस्तादांचा. बाभळीआडचा सिग्नल भुजंगला दिसायच्या आत उस्तादांना दिसलेला असायचा. अलीकडे ते थांबायचे. भुजंगनं पुकारलं की मागून री ओढायचे, भजनातल्या झिलकऱ्यासारखे.

आणि परवा भुजंग कोळसा ओढण्यात गुंतला होता. मान वर केली तर समोर सिग्नलचा हात आडवा, गाडी थांबवा म्हणणारा. उस्ताद मात्र निवांत, हात वाफेच्या रेग्युलेटरवर. भुजंग ओरडला तेव्हा कुठं ब्रेक लागला.

"धूर आला रे आडवा," उस्ताद म्हणाले होते.

धूर होताही. धूर की डोळे, तिथंच तर सगळं अडलं होतं.

आज सांजच्या गाडीनं त्याची बायको भिवरा बाळंतपणाला वसमतला निघाली होती. त्याच गाडीवर उस्ताद, त्याच गाडीवर तो. फोरमनसाहेबांना सांगावं, तर उस्तादांना आजच इंजिनावरून उतरवतील, शेडमध्ये झाडू हातात देतील. ज्यांनी फावडं धरायला शिकवलं, आपल्या डब्यातली भाकरी मोडून दिली, त्यांना. न सांगावं, तर भिवरेचं तोंड डोळ्यापुढून हलत नव्हतं.

उस्ताद ड्युटी नसली की लिंबाजीकडं येऊन बसत. छत्रीवाल्या बुटक्याचा खेळ त्यांच्या एवढा अंगवळणी पडला होता की पोरं म्हणायची, आजोबा झोपेतही खेळतील. म्हणून तर भुजंगला नवा खेळ हवा होता. कधी न पाहिलेला. डोळ्यांवाचून ज्याचं पान हलणार नाही असा.

चंद्रभान आले. पोरांनी सतरंजीवर जागा करून दिली.

"नवा माल आला म्हणं?"

"आलाय उस्ताद," लिंबाजी म्हणाला. "पर कोल्हा हाय. म्हाताऱ्या माणसाच्या हाती लागतो का, बघा."

"म्हातारा तुझा बाप. लाव."

गाणं सुरू झालं. पडद्यावर कोल्हा पळायला लागला आणि पहिल्याच खड्ड्यात गेला. पोरं खिदळली. भुजंग उस्तादांच्या डोळ्यांकडं बघत राहिला.

चंद्रभाननं मान किंचित तिरकी केली. "हां," ते म्हणाले, एवढंच.

मग कोल्हा पडलाच नाही. खड्डा आला की उडी. पक्षी आला की खाली. जात्यावर बसलेल्या बाईचा हात ओवीच्या चालीवर फिरावा तसे त्यांचे अंगठे फिरत होते. खड्ड्यामागून खड्डा मागं पडत गेला, आणि भुजंगच्या छातीवरचं ओझं उतरत उतरत गेलं. डोळे नसते तर हे जमलं असतं? कधी न पाहिलेल्या खेळात? धूरच होता तो. नुसता धूर.

डोळ्यांत पाणी आलं म्हणून तो बाहेर येऊन उभा राहिला. गल्लीतून फोरमनसाहेब सायकलवर घरी निघाले होते. त्याला बघून त्यांनी पाय टेकला.

"काय रे भुजंग, सकाळी काही सांगायचं होतं म्हणालास?"

"काही न्हाई साहेब. मिटलं ते."

"बायकोला नीट बसव गाडीत."

"उस्ताद हाईत की साहेब. कशाची फिकीर?"

सायकल वळणाआड गेली. स्टेशनाकडून कुठल्याशा इंजिनाची शिट्टी आली, लेकीला हाक मारावी तशी लांबट. भिवरा आता सासूसोबत घरून निघाली असेल.

लिंबाजी तोंड वाकडं करून बाहेर आला. "ठकवलं बघ मला हैदराबादवाल्यानं. तीच जुनी कॅसेट. छत्रीवाल्याला उचललं अन् कोल्ह्याला बसवलं. गाणं तेच, खड्डे तेच, पक्षी तेच."

"तेच?" भुजंग म्हणाला.

"एक बी खड्डा इकडचा तिकडं न्हाई. वरचा कागद तेवढा नवा."

तेवढ्यात आत पोरांनी एकच गलका केला. दोघं धावत आत गेले.

टीव्हीतलं चित्र गेलं होतं. पडदा नुसताच उजळ, धुतल्या धोतरासारखा पांढरा. कोल्हा नाही, खड्डा नाही, पक्षी नाही. आवाज मात्र चालू होता. गाण्यावर गाणं, उडीवर उडी. चंद्रभानचे अंगठे थांबले नव्हते.

"अरं, गप बसा की जरा," पांढऱ्या पडद्यावरची नजर न हलवता ते हसून म्हणाले, "बघा तर, कसा पळायलाय कोल्हा!"