मागं बघायचं नाही

तुळशीरामनं झांज खिडकीच्या फळीवर ठणकन आपटली. "बाईच्या मागं मी उभा राहनार न्हाय. त्यातून मिठागरात टोपल्या वाहनारी बाई! लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"तुळशीराम," पाळकबाबा म्हणाले, "प्रभूची कबर रिकामी आहे ही बातमी पहिल्यांदा कुणी आणली? बाईनंच ना?"

"ते शास्त्रात. हे रेवदंड्यात."

आता काय बोलायचं या माणसाला! साल एकोणीसशे एकतीस, ईस्टरची संध्याकाळ. खाडीकाठचं ते कौलारू प्रार्थनामंदिर माणसांनी भरलेलं, आणि कीर्तनाला उभी राहायची होती ठमाबाई. आजवर इथं कीर्तन केलं ते एकट्या शिवदास पाळकांनी, आणि मागं झांज धरली ती तुळशीरामनं. पण छातीच्या दुखण्यानं त्यांचा आवाज पार बसला. खाटेवरून उठायचं नाही, असं अलिबागेच्या डॉक्टरनं बजावलं होतं. ऐकतील तर ते पाळकबाबा कसले! माझ्यामागं कीर्तनाला हीच उभी राहील, असं ते वर्षभर सगळ्यांना सांगत होते, आणि सगळे वर्षभर नुसत्या माना हलवत होते. आज ती अडखळली की झालंच. पुन्हा तिला तिथं कुणी उभं करणार नव्हतं.

बाबांनी खुर्ची तिच्या मागं, भिंतीला लागून ठेवायला लावली. बसताना त्यांना केवढी धाप लागली. झांज त्यांनी स्वतःच्या हातात घेतली.

ठमाबाई त्यांच्यापाशी वाकली. "बाबा, माज्यानं न्हाय व्हायचं. त्यापरीस तुमी घरी चला, पडा जरा."

"पडायचंच आहे पुढं," बाबा हसले. "तू लोकांकडं बघ. एकदा उभी राहिलीस की मागं बघायचं नाही. मी आहे मागं."

हे त्यांचं जुनंच. ठमाबाईला अक्षर येत नव्हतं. ती टोपली घेऊन बांधावरून जायची आणि बाबा बांधावर बसून तिच्याकडून पदं घोकून घ्यायचे. ओळ विसरली की ती वळून त्यांच्या तोंडाकडं बघायची. मग ते म्हणायचे, "शास्त्रातल्या लोटाच्या बायकोनं मागं बघितलं, तिचा मिठाचा खांब झाला. तू तर आधीच अर्धी मिठाची आहेस, ठमे!" तिला इतक्या मायेनं चिडवणारं दुसरं माणूस जगात उरलं नव्हतं.

ती उभी राहिली. पहिल्याच ओळीला आवाज चिरकला आणि बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पण मागून झांजेचा ठेका आला, शांत, रोजचा. ठमाबाईनं पदर खोचला.

मग मात्र तिनं सांगितलं ते आपल्याच बोलीत. मग्दालीया मरी झुंजूमुंजूला कबरीवर आली, आत प्रभू न्हाय, आन् ती बाय दाराशी बसून रडते. "माज्या धन्याला कुटं ठेवलाव? येवढं सांगा, मी त्याला उचलून नेते." बाकावरची माणसं पुढं सरकून ऐकू लागली. बाबांनीच रचलेलं धृपद तिनं घेतलं, 'का गे रडसी बाई, कोणाला धुंडसी?' आणि चटईवरच्या बायकांनी ते आपणहून उचललं.

ठेका संथ झाला. बाबा दमले असतील म्हणून तीही संथ झाली. मग ठेका आलाच नाही.

तिची मान वळायलाच आली होती. मागं बघायचं नाही! एक ओळ तिनं कोरडीच म्हटली. समोर दोघीतिघी उठल्यासारख्या झाल्या आणि परत बसल्या. बायकांनी तोंडाला पदर लावले होते. मरीसाठी रडतायत, तिला वाटलं. तेवढ्यात तुळशीराम बाकावरून उठला आणि तरातरा तिच्या अंगावरून मागच्या दाराकडं गेला. जाईना का मेला! ती मनात म्हणाली.

आणि झांज वाजली. खणखणीत, ठाम. बाबांना परत जोर आला! तिच्या अंगात वारं शिरलं. खाडीपलीकडं जावा असा तिचा आवाज लागला. "मरी मागं वळली आन् बगते तर काय, ज्याला मेला म्हनून रडत व्हती तो जिता उभा!" शेवटचं धृपद सगळ्या मंडळीनं म्हटलं, रडत रडत म्हटलं.

कीर्तन संपलं. आता बघायला हरकत नव्हती. ठमाबाई हसतच वळली. "बाबा, जमलं का वो?"

बाबांची मान छातीवर कलली होती. मांडीवरचे हात रिकामे होते. खुर्चीमागं तुळशीराम उभा होता, झांज धरून, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

ती तिथंच खिळली. हात पुढं झाला, पण पाय उचलेना.

तुळशीरामनं नाक पुसलं आणि झांज पुन्हा वर धरली.

"ठमाबाय, लोकांकडं बग," तो म्हणाला. "बाबांसाठी येक पद म्हन. मी हाय मागं."